मथुरेची कैफियत

आमच्या इमारतीच्या रहिवासी संघाच्या इतिवृत्तात माझ्याविषयी दोन कलमे नोंदलेली आहेत. एकाखाली एक, एकाच तारखेची आणि एकाच सचिवाच्या सहीची. पहिल्या कलमात असे म्हटले आहे की मी माझ्या वृद्ध मांजरीस पुरेसे अन्न देत नाही आणि त्यामुळे ते मुके जनावर दारोदार ओरडत हिंडते. दुसऱ्यात असे म्हटले आहे की मी त्याच मांजरीसाठी इमारतीत मांस आणते आणि त्याचा दर्प जिन्यात पसरतो. जिने आपली सारी नोकरी महालेखापालांच्या कार्यालयात, इतरांच्या हिशेबातील विसंगती हुडकून त्यांवर लाल शाईने शेरे मारण्यात घालविली, तिच्याच नावावर इतकी उघडीवाघडी विसंगती रीतसर दप्तरदाखल व्हावी, आणि ती पाहून एकाही सभासदाची भुवई वर जाऊ नये, याचा सल माझ्या मनातून अद्याप गेलेला नाही. जाईल असेही वाटत नाही.

मांजरीचे नाव मथुरा. ती आमच्या बसवनगुडीतल्या जुन्या कौलारू घराच्या माळ्यावर जन्मली आणि तिची आई तिला तेथेच टाकून गेली, याहून तिच्या पूर्वायुष्यात सांगण्याजोगे काही नाही. बेळगावहून वडिलांची बंगळुरास झालेली बदली, माझी नोकरी, लग्न, मुलीचे परदेशी जाणे, हे जसे चारचौघांचे होते तसे आमचेही झाले. मथुरा वयात येताच तिची शस्त्रक्रिया करून घेतली होती. पुढे गांधीबाजाराच्या आसपासच्या बहुतेक जुन्या घरांवर जी वेळ आली ती आमच्याही घरावर आली. घर पडले, त्या जागी चार मजली इमारत उभी राहिली, आणि पहिल्या मजल्यावर आमच्या वाट्याला एक सदनिका आली. मागचे अंगण, आंब्याचे झाड आणि जिच्यावरून मथुरा रोज सकाळी पहारेकऱ्याच्या ऐटीत फेरी घालीत असे ती कुंपणाची भिंत, एवढ्या गोष्टी मात्र करारनाम्यात कोठे बसल्या नाहीत. तेव्हा तिला नववे वर्ष चालू होते.

येथे थोडे विषयांतर करते. १८९८ साली बंगळुरात प्लेग शिरला, पेठांतल्या दाट वस्तीत माणसे पटापट मरू लागली, तेव्हा लोक म्हैसूर सरकारने मोकळी हवा आणि रुंद रस्ते ठेवून आखलेल्या दोन नव्या वसाहतींकडे धावले. एक मल्लेश्वरम् आणि दुसरी आमची बसवनगुडी. म्हणजे आमचा हा सोवळा, सुसंस्कृत मोहल्ला बऱ्याच अंशी उंदरांच्या भयाने वसलेला आहे. त्याच सुमारास प्लेगावर उपाय शोधणाऱ्यांत इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले बुकॅनन नावाचे एक सर्जन होते. ज्या घरांत मांजर असते तेथे प्लेग शिरत नाही असा त्यांचा सिद्धान्त होता आणि १९०८ साली त्यांनी तो ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडलाही होता. त्या सिद्धान्ताचे पुढे काय व्हायचे ते झाले. परंतु ज्या प्राण्याकडे एके काळी सार्वजनिक आरोग्यखात्याची जबाबदारी सोपवावी असे जाणत्या माणसांना वाटत होते, त्याच्या आजच्या वंशजांना बसवनगुडीत दहीभात खाऊन सोफ्यावर पडून राहण्यापलीकडे काही कामगिरी उरलेली नाही, हे मला मथुरेकडे पाहताना अनेकदा जाणवते. सेवानिवृत्त माणसाला दुसऱ्याची सेवानिवृत्ती लवकर ओळखू येते.

ती जड झाली आहे हे आम्हाला तिच्या आकारावरून कळले नाही, कारण रोज डोळ्यांसमोर असणाऱ्याचा आकार कधी दिसत नसतो. ते कळले तिच्या पाठीवरच्या केसांवरून. शेपटीच्या वरच्या अंगाला, जेथे तिची जीभ पूर्वी सहज पोचत असे, तेथले केस गुंतून त्यांच्या कडक जटा झाल्या होत्या आणि त्यांत पांढरा कोंडा दिसत होता. ती मान वळवून तेथवर पोचण्याचा यत्न करी, मध्येच पोट आडवे येई, आणि मग जणू आपल्याला तसे काही करावयाचेच नव्हते अशा चेहऱ्याने ती पंजा चाटू लागे. आमच्या ह्यांचे म्हणणे असे की म्हातारपणी केसांची निगा कोणाला जमते. हे बोलताना त्यांनी स्वतःच्या टकलावरून हात फिरविला.

आम्ही तिला टोपलीत घालून एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे नेले. या बाई हेब्बाळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या, बोलण्यात मोजक्या आणि हाताने हळुवार. त्यांनी प्रथम वजनकाट्याकडे पाहिलेच नाही, माझाच हात धरला, मूठ मिटावयास सांगितली, आणि मुठीच्या उंचवट्यांवरून माझेच दुसरे बोट फिरवून म्हणाल्या, "बरगड्या अशा लागल्या तर मांजर रोड." मग मूठ उघडून पालथ्या पंज्यावरून, "अशा लागल्या तर ठीक." मग तळहाताच्या मांसल भागावरून, "आणि अशा लागल्या तर लठ्ठ. आता हिच्या बघा." मी मथुरेच्या कुशीवर बोटे ठेवली. तळहाताच्या मांसाखाली निदान हाड तरी लागते. येथे तेही लागेना. मग काट्यावर ठेवले तेव्हा सहा किलो चारशे ग्रॅम भरले. तिच्या बांध्याच्या मांजरीस साडेचार किलो पुष्कळ झाले. पशुवैद्यांची शरीरयष्टी मोजण्याची नऊ अंकांची एक पट्टी असते, तीत पाच म्हणजे उत्तम. मथुरेला नऊपैकी नऊ मिळाले. शाळेत कोणाला असे गुण मिळते तर आम्ही पेढे वाटले असते.

क्ष-किरणचित्रात कमरेचे सांधे झिजलेले दिसले. मांजरे वेदना सांगत नाहीत. ती फक्त उंच उडी मारणे सोडून देतात, आणि आपण म्हणतो वय झाले. बारा वर्षांवरील शंभर मांजरांची अशी चित्रे काढून तपासली तेव्हा नव्वदांच्या सांध्यांत झीज आढळली होती, असे त्या बाईंनी सांगितले, आणि अशा सांध्यांवर दोन किलोंचा फाजील बोजा म्हणजे काय याची कल्पना, माझे स्वतःचे गुडघे मजबरोबर असल्यामुळे, मला निराळी करून द्यावी लागली नाही. मधुमेहाचा धोका वेगळाच. शस्त्रक्रिया झालेल्या मांजरीची अन्नाची गरज चौथ्या हिश्श्याने तरी घटते, भूक मात्र वाढते. त्यात हिंडणे-फिरणे बंद. म्हणजे खर्च कमी, जमा जास्त, आणि शिल्लक पोटावर.

त्यांनी दिवसाला एकशेऐंशी कॅलरींचा शिधा बांधून दिला आणि एक गोष्ट दोनदा बजावली, ती मीही येथे लिहून ठेवते, कारण आपल्याकडे उपवासावर लोकांची श्रद्धा फार. मांजरीला कधीही उपाशी ठेवावयाचे नाही. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस जरी अन्नावाचून राहिले तरी अंगावरची चरबी इतक्या वेगाने यकृताकडे धावते की ते यकृत तिच्याखाली निकामी होते आणि मांजर दगावते. वजन उतरवावयाचे ते आठवड्याला शेकडा एक या मानाने, फार तर दोन. म्हणजे मथुरेच्या बाबतीत साठ-सत्तर ग्रॅम. पुढे आमच्या इमारतीतल्या एका सद्गृहस्थांनी मला महिन्याच्या दोन्ही एकादश्या मथुरेकडून निर्जळी करवून घेण्याचा सल्ला दिला, तेव्हा मी त्यांना हे सारे समजावून सांगितले, त्यावर ते म्हणाले, "श्रद्धेने केले तर काही होत नाही." मांजरीच्या यकृताची श्रद्धा कोणत्या दैवतावर असते हे त्यांना विचारावयाचे राहून गेले.

एकशेऐंशी कॅलरी म्हणजे किती, हे कळण्यासाठी मी नेहमीचा कोरडा दाणा स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून पाहिला. शंभर ग्रॅमला तीनशेसत्तरच्या आसपास कॅलरी असे पाकिटावर छापलेले. म्हणजे दिवसाचा सगळा शिधा पन्नास ग्रॅमांच्या आतच आटोपतो. बशीत तो चिमूटभर दिसला. मथुरेने बशीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि उरलेले कोठे आहे या अपेक्षेने माझ्या मागे पाहिले. रानातले मांजर दिवसाकाठी आठ-दहा उंदरांवर राहते. एका उंदरात तीस कॅलरींच्या आसपास असतात, आणि त्यात पाणी पुष्कळ, मांस पुष्कळ, पिष्ट जवळजवळ शून्य. कोरड्या दाण्यात नेमके उलट. म्हणून डॉक्टरीणबाईंनी ओले खाद्य सुचविले. एका पाकिटात ऐंशी-पंचाऐंशी ग्रॅम ऐवज, त्यातले बहुतांश पाणी, आणि कॅलरी सत्तरच. बशी भरलेली दिसते आणि पोटही. जोडीला उकडलेल्या कोंबडीचे थोडे तुकडे, तेही एकूण शिध्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नाहीत, कारण नुसत्या मांसात मांजरीला लागणारे सर्व क्षार नसतात.

आमचे घर शाकाहारी, इमारत शाकाहारी, आणि भाडेकरू ठेवतानाही तोच दंडक. आजवर मथुरेने खाल्लेल्या कोरड्या दाण्याच्या पाकिटावर घटकांच्या यादीत पहिलेच नाव कोंबडीच्या भुकटीचे होते, आणि ती पाकिटे दहा वर्षे आमच्या फडताळात, साखरेच्या डब्याशेजारी, निर्वेधपणे नांदत होती. दाणा दिसावयास शेवकांड्यांसारखा, वास बेताचा, म्हणून तो सोवळ्यात चालला. तेच मांस ओले झाले, त्याला मांसाचा आकार आला आणि मांसाचा वास आला, तेव्हा ते अभक्ष्य ठरले. मी स्वतः आजन्म शाकाहारी आहे आणि राहणार आहे; पण आपला शाकाहार डोळ्यांत असतो, नाकात असतो की अंतःकरणात, हा प्रश्न मला सत्तरीच्या उंबरठ्यावर एका मांजरीने घातला, आणि त्याचे उत्तर मला फारसे आवडलेले नाही.

कोंबडी मी घरात शिजविली नाही. माझी एक जुनी सहकारी, मंगळूरकडची, ती आपल्या घरी मीठ-मसाल्यावाचून उकडून, सुपारीएवढे तुकडे करून, लहान लहान पुड्या गोठवून मला देत असे. मी त्या पिशवीच्या तळाशी, कोथिंबिरीच्या जुडीखाली घालून आणीत असे. ही चोरटी आयात का करावी लागली हे कळण्यासाठी आमच्या जिन्याचा वास एकदा घ्यावयास हवा. तेथे सकाळी उदबत्ती, दुपारी बिसिबेळे भात आणि सायंकाळी फिल्टर कॉफी यांखेरीज चौथ्या वासाला प्रवेश नाही.

वजन दर रविवारी घेत असे. विमानाच्या सामानासाठी मुलीने ठेवून दिलेला एक हुकाचा काटा होता, त्याला टोपली अडकवावयाची, टोपलीत मथुरा, आणि ह्यांनी दोन्ही हातांनी तो काटा अधांतरी धरावयाचा. वजन पाहून होईपर्यंत ह्यांचे खांदे आणि मथुरेचा संयम ही दोन्ही संपत. आकडे मी वहीत मांडीत असे. डावीकडे जमा, उजवीकडे वजन, आणि शेवटी शेरा. शिधा काटेकोर, वहीत चूक नाही, आणि वजन मात्र ढिम्म. कधी वीस ग्रॅम खाली, कधी चाळीस वर. कोणत्याही लेखापरीक्षकास याचा अर्थ सांगावा लागत नाही. जमेची बाजू अपुरी होती. कोठे तरी नोंदीबाहेरची आवक होती.

ती कोठून होते हे मला पावसाने सांगितले. बंगळुरात सप्टेंबरात एकदा झड लागली, जिन्यात पाणी आले, सगळ्यांची दारे मिटलेली राहिली आणि मथुरा घरातच होती. त्या रविवारी काटा ऐंशी ग्रॅम उतरला. पुढच्या आठवड्यात ऊन पडले, दारे उघडली, आणि काटा पूर्वपदावर आला. मग मी जिन्यात खुर्ची टाकून, वर्तमानपत्र उलगडून बसू लागले. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींकडे सकाळी दहीभात. लहान वाटीभर, पण तेवढ्यात मथुरेच्या अर्ध्या दिवसाचा शिधा भरतो. खाली पहारेकऱ्याच्या खोलीत नंदिनीचे दूध, जे मोठ्या मांजरांना नीट पचतही नाही. तळमजल्यावरच्या शाळकरी मुलीकडे बिस्किटे. आणि रात्री, मी निजल्यावर, खुद्द माझ्याच स्वयंपाकघरात दह्याची वाटी चाटावयास देणारी व्यक्ती माझ्याच घरात राहते हेही उघड झाले. ह्यांना विचारले तेव्हा म्हणाले, "अगं, वाटी धुवायला टाकण्याआधी तिने नुसती पुसून घेतली."

मी कोणाशी भांडले नाही. प्रत्येक दारी जाऊन नम्रपणे विनंती केली, डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी दाखविली. सर्वांनी मान हालविली, "अय्यो, हौदा?" म्हणून आश्चर्य दाखविले, आणि दुसऱ्या दिवसापासून दार पूर्ण उघडण्याऐवजी अर्धे उघडून दहीभात घालावयास सुरुवात केली. तेव्हा मी मथुरेच्या गळ्यात एक चिठ्ठी अडकविली; तीवर कानडीत आणि इंग्रजीत लिहिले होते, "मी आजारी आहे. कृपया मला खाऊ घालू नका." आणि येथूनच प्रकरण चिघळले.

मासिक सभा वाहनतळात, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून भरते. पाण्याच्या टँकरचा खर्च, लिफ्टची दुरुस्ती, असे विषय आटोपल्यावर सचिवांनी, हे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले, एक अर्ज वाचून दाखविला. त्यात वरील दोन्ही तक्रारी होत्या. खाली सह्या होत्या. त्या मी बसल्या जागेवरून ओळखल्या. दहीभात, बिस्किटे, दूध, सगळ्यांच्या. पहारेकऱ्याची सही नव्हती, कारण त्याला कोणी विचारले नव्हते. पुढे त्याने मला खाजगीत सांगितले की विचारले असते तर त्यानेही केली असती.

मी उभी राहून एवढेच म्हणाले की या दोन तक्रारींपैकी आपण कोणती तरी एक निवडावी. उपाशी ठेवते म्हणता, तर मांस कोणासाठी आणते? मांस आणून घालते म्हणता, तर उपाशी कशी? सचिव म्हणाले, "मॅडम, हे दोन स्वतंत्र मुद्दे आहेत." मी म्हणाले, मांजर एकच आहे. ते म्हणाले, मुद्दे दोन आहेत. मग त्यांनी १९६० सालचा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा काढला, तो त्यांनी छापून आणला होता, आणि त्यातील अकरावे कलम वाचले: जनावराच्या मालकाने त्यास पुरेसे अन्न, पाणी वा निवारा न पुरविणे हा अपराध होय. मी तो कागद मागून घेतला आणि कलम पुन्हा वाचले. पुरेसे, असा शब्द तेथे आहे. कमी घालणे अपराध, हे तेथे आहे. जास्त घालणे अपराध, हे त्या संपूर्ण कायद्यात कोठेही नाही. संसदेने उपासमारीची कल्पना केली होती. दहीभाताची केली नव्हती. आणि पहिल्या अपराधाबद्दल दंड किती, तर दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत, म्हणजे जवळपास मथुरेच्या ओल्या खाद्याच्या एका पाकिटाइतका. मी विचारले, पन्नास रुपये आत्ताच भरू काय? कोणी हसले नाही.

त्यावर मी वही काढली. तारीखवार वाचू लागले: अमुक मजला, अमुक पदार्थ, अंदाजे इतके ग्रॅम, त्या आठवड्याचे वजन. मला वाटले होते, आकडे पाहून लोक वरमतील. तसे काही झाले नाही. उलट, मांजर राहिले बाजूला आणि आमच्यावर पाळत ठेवली गेली, आमच्या दाराशी काय घडते ते लिहून ठेवले गेले, याचाच सर्वांना संताप आला. एका बाईने विचारले, "आम्ही काय सरकारी खाते आहोत?" नोकरीत असताना हेच वाक्य मी किती अधिकाऱ्यांच्या तोंडून ऐकले होते, फक्त ते लोक खरोखरच सरकारी खाते होते.

तिसऱ्या मजल्यावरच्या आजी शेवटी बोलल्या. त्यांचे दोन्ही मुलगे अमेरिकेत असतात. त्या रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या, "दाराशी येऊन कोणी तोंडाकडे बघत बसले तर त्याला रिकामे कसे पाठवायचे, तेवढे मला सांगा." याला माझ्या वहीत उत्तर नव्हते. मी म्हणाले, निदान वाटी अर्धी करा. त्या म्हणाल्या, "अर्धी वाढणे अशुभ." आणि सभा चहासाठी उठली, दोन्ही कलमे इतिवृत्तात कायम झाली, आणि ती कमी करण्याविषयीचा माझा अर्ज 'पुढील सभेत विचारार्थ' ठेवला गेला, जेथे तो अजून आहे.

मला या प्रसंगाने जे बोचले ते आरोपाचे खोटेपण नव्हे. खोटे आरोप मी पुष्कळ पाहिले आहेत. मला बोचले ते हे की आपल्या लोकांत वाढणारा हात तेवढा मायेचा आणि मोजणारा हात कद्रूचा, असा एक निकाल कधीचा लागून गेलेला आहे आणि त्यावर अपील चालत नाही. आग्रह करून पाचवी पुरणपोळी वाढणारी सुगरण; आणि नवऱ्याचे साखरेचे प्रमाण पाहून दुसरी न वाढणारी ती कजाग. मांजर पाळणाऱ्या कोणास माझा सल्ला हवा असल्यास एवढाच देईन: खाणे तोलून द्यावे, दिवसाचा शिधा चार-पाच वेळांत विभागावा, जेवणाची बशी हळूहळू उंच जागी नेऊन सांध्यांना झेपेल तितकी हालचाल घडवावी, आणि शेजाऱ्यांना पटविण्याच्या भरीस न पडता दाराला जाळी बसवावी. आम्ही शेवटी तीच बसविली.

जाळीने काम केले. महिन्यामागून महिने काटा उतरत गेला, आणि एके रविवारी मथुरा, जी खुर्चीवरही बूड टेकवून चढत असे, ती अचानक खिडकीच्या कट्ट्यावर दिसली. शेपटीवरच्या जटा गेल्या. पाच किलोंच्या खाली आल्यावर डॉक्टरीणबाईंनी शाबासकी दिली, मला आणि तिला. मी विजयी मुद्रेने वही मिटली.

तथापि वजन थांबले नाही. शिधा पूर्ववत् केला तरी ते उतरतच राहिले. साडेचार, मग सव्वाचार. तिला तेव्हा तेरावे सरत आले होते. रक्त तपासले, थायरॉइड ठीक निघाले, पण मूत्रपिंडे थकू लागल्याची पहिली चिन्हे होती. मग बाईंनी मला मांजरीच्या वार्धक्याची दुसरी बाजू सांगितली, जी त्यांनी आरंभी सांगितली असती तर मी बहुधा ऐकली नसती: मध्यम वयात मांजरे लठ्ठ होतात, पण अकरा-बारा वर्षांनंतर बहुतेकांचे मांस झडू लागते, पचन मंदावते, आणि त्या वयात रोडावणे हे लठ्ठपणाहून अधिक काळजीचे असते. आता बरगड्या मुठीच्या उंचवट्यांसारख्या लागू देऊ नका, असा उलटा हुकूम झाला. मी पुन्हा वही काढली, तेच रकाने, तोच हुकाचा काटा. फक्त आता आकडा खाली गेला की माझ्या पोटात गोळा येऊ लागला. ज्या दोन किलोंसाठी मी सभेत उभी राहिले, त्यातले पाव किलो परत मिळावे म्हणून मी देवाजवळ गाऱ्हाणे घालीन असे कोणी तेव्हा सांगितले असते तर मी त्याला लाल शाईत धरले असते.

मूत्रपिंडांसाठी निराळे खाद्य आले. त्याचा वास मथुरेला आवडत नाही. ती बशीपाशी बसते आणि भिंतीकडे पाहते. मधल्या काळात दाराची जाळी मी काढून टाकली. कारण विचारू नये. गेल्या खेपेस ह्यांनी डॉक्टरीणबाईंना, माझ्याकडे न पाहता, विचारले की तोंडाला चव यावी म्हणून वरून एखादा चमचा दहीभात घातला तर चालेल काय. त्या क्षणभर थांबून म्हणाल्या, "एक चमचा घाला. खाणे महत्त्वाचे." चमचा चहाचा की वाढावयाचा, हे त्यांनी सांगितले नाही, आणि त्याविषयी आमच्या घरात अद्याप एकमत झालेले नाही.